तीस पॉइंट भरतील, पण ड्रिल हातात बसेल का?

वाचकाचं पत्र:

‘मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नऊ वर्षं दवाखाना चालवतो. टिंपॅनोप्लास्टी (कानाच्या पडद्याची दुरुस्ती) नियमित करतो, कॉर्टिकल मॅस्टॉइडेक्टॉमीही (कानामागचं मॅस्टॉइड हाड ड्रिलने पोखरून साफ करणं) करतो. पण कोलेस्टिएटोमाचे (मधल्या कानात वाढून हाड खाणाऱ्या त्वचेच्या गाठीचे) पेशंट सोलापूरला किंवा पुण्याला पाठवतो. फेशियल नर्व्हच्या (चेहरा हलवणाऱ्या नसेच्या) जवळ ड्रिल न्यायला हात धजत नाही. मृतदेहाच्या कानाच्या हाडावर सराव करण्याचे, दोन दिवसांचे दोन टेंपोरल बोन डिसेक्शन कोर्स केले. दोन्ही वेळा उत्साहात परतलो आणि तीन महिन्यांत सगळं पुसलं गेलं. पुढच्या वर्षी कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या सततच्या वैद्यकीय शिक्षणाच्या ३० पैकी ९ पॉइंट कमी आहेत. आणखी एक कोर्स करू, की मोठ्या परिषदेला जाऊन पॉइंट भरून टाकू? हिअरिंग एडची एक कंपनी जाण्यायेण्याचा आणि हॉटेलचा खर्च करायला तयार आहे. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा ऑडिऑलॉजिस्ट मॅडम येतात. त्यांनी माझ्यासोबत हजेरी लावली तर त्यांचेही पॉइंट धरले जातील का?’

प्रिय डॉक्टर,

तुम्ही दोन वेगळे हिशेब एकाच वहीत मांडले आहेत. एक कौन्सिलचा, दुसरा हाताचा. एका खर्चात दोन्ही मिटावेत असं वाटणं साहजिक आहे, पण तसं क्वचितच होतं. कौन्सिलचा हिशेब सोपा आहे, तो आधी मिटवू.

पाच वर्षांत ३० तासांची अपेक्षा २००२ च्या आचारसंहितेपासून चालत आली आहे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नूतनीकरणाच्या वेळी तेच पॉइंटच्या रूपात बघतं. ९ पॉइंटसाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. पॉइंट कानाच्याच कार्यक्रमाचे हवेत असंही नाही. लातूर, अंबाजोगाई, सोलापूर इथली मेडिकल कॉलेजं आणि आयएमएच्या शाखा वर्षभर काही ना काही घेत असतात. रविवारच्या काही कार्यक्रमांत तुमचं भागेल. तीन गोष्टी मात्र पाहा. कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आधीच मिळालेली आहे ना, ‘मिळेल’ असं नव्हे. हजेरीच्या वेळी नोंदणी क्रमांक बरोबर लिहिला गेला ना. आणि महिन्याभरात ते पॉइंट तुमच्या खात्यावर चढले ना. नूतनीकरणाच्या वेळी ज्यांची धावपळ होते, त्यांचे पॉइंट बहुधा कमवायचे राहिलेले नसतात, चढवायचे राहिलेले असतात. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाच्या आयोजकाला शोधत बसण्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात एक फोन केलेला बरा. बाहेरच्या राज्यातल्या परिषदेला जाणार असाल, तर तिथल्या कौन्सिलचे पॉइंट इथे धरून घेण्यासाठी काय कागद लागतात हे निघण्यापूर्वी विचारा.

मॅडमचे पॉइंट तुमच्या कार्यक्रमातून धरले जाणार नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे आहे, त्यामुळे त्या परिषदेने मान्य केलेले कार्यक्रमच त्यांना चालतात. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे कार्यक्रम त्यांनी पाहत राहावं. शिकायला त्या तुमच्यासोबत जरूर येऊ देत, फक्त प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नका.

कंपनीचा खर्च घेऊ नका. २००९ च्या दुरुस्तीने आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे की औषध कंपन्या आणि आरोग्याशी संबंधित इतर उद्योगांकडून डॉक्टरने प्रवास किंवा पाहुणचार स्वीकारू नये. हिअरिंग एडची कंपनी या ‘इतर’मध्ये थेट येते. २०२४ साली केंद्राने औषध कंपन्यांसाठी काढलेल्या संहितेतही प्रवासाची सवलत फक्त वक्त्यांना आहे, श्रोत्यांना नाही. नियम बाजूला ठेवले तरी एक अडचण उरतेच. उद्या मॅडमनी एखाद्या आजोबांना दुसऱ्या कंपनीचं यंत्र सुचवलं तर तुमच्या दवाखान्यात ते कसं घेतलं जाईल?

आता खरा प्रश्न, तीन महिन्यांत पुसलं जाण्याचा.

यात तुमच्या हाताचा दोष नाही, वेळापत्रकाचा आहे. दोन दिवस सलग ड्रिल केलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात सफाईने चालल्यासारखा वाटतो आणि ती सफाई टिकत नाही. कोपनहेगनच्या संशोधकांच्या गटाने २०१५ साली हे मोजून दाखवलं. सिम्युलेटरवर तेवढ्याच मॅस्टॉइडेक्टॉमी एका गटाने एका दिवसात केल्या, दुसऱ्याने मध्ये दिवस सोडून. अंतर ठेवणाऱ्यांचं काम सुधारत राहिलं, सलग करणाऱ्यांचं लवकर अडकलं. तेव्हा तिसरा कोर्स करायचा की नाही हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की कोर्सच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने तुम्ही काय करणार?

सुरुवात स्वतःच्या रजिस्टरपासून करा. गेल्या दोन वर्षांतले २५ ऑपरेशन केलेले कान काढा. प्रत्येकासमोर लिहा: छिद्र पुढच्या बाजूचं होतं की मागच्या, कान ओला होता की कोरडा, तीन महिन्यांनी ग्राफ्ट (पडद्याला लावलेलं ठिगळ) धरला का, आणि ऑपरेशननंतरची एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यातला फरक) किती. गॅप काढताना ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झची सरासरी घ्या. आपल्याकडे ३००० सहसा तपासत नाहीत, तेव्हा २००० आणि ४००० ची सरासरी त्या जागी धरा. ऑपरेशननंतरच्या एअरमधून ऑपरेशननंतरचंच बोन वजा करायचं. जुनं बोन वजा केलं की निकाल आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो, आणि ही चूक छापील निबंधांतसुद्धा होते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: ४००० हर्ट्झचं बोन कंडक्शन आधी किती, नंतर किती. कॉर्टिकल केलेल्या कानांत तिथे वारंवार घसरण दिसली, तर तुमचा बर (ड्रिलचं टोक) कानातल्या हाडांच्या अखंड साखळीतल्या इन्कसला लागत असण्याची शक्यता आहे. ते फेशियल नर्व्हच्या भीतीपेक्षा आधी सुधारायचं. आणि निकामी गेलेले ग्राफ्ट बहुतेक पुढच्या छिद्रांचे निघाले, तर तुम्हाला हाडाचा कोर्स नकोच आहे, पडदा उचलण्याचा सराव हवा आहे. त्याची सोय गावातल्या खाटकाकडे आहे, त्याबद्दल पुढे.

हाडाचाच सराव हवा असं ठरलं, तर आधीचे तीन महिने सिम्युलेटर. कोपनहेगनचाच व्हिजिबल इअर सिम्युलेटर मोफत मिळतो, विंडोजच्या बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावर चालतो. हाताला हाडाचा दाब जाणवून देणारं महागडं यंत्र त्याला जोडता येतं, ते विकत घेऊ नका. नुसत्या माउसवर हात तयार होत नाही हे खरं, पण कशानंतर काय दिसायला हवं हा क्रम पक्का होतो, आणि कोर्समध्ये निम्मा वेळ त्यातच जातो. आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, एक पूर्ण मॅस्टॉइडेक्टॉमी. रात्री सलग चार करायचा मोह टाळा.

कोर्स निवडताना माहितीपत्रकावरची प्राध्यापकांची नावं बाजूला ठेवा आणि आयोजकांना फोन करून विचारा: माणशी एक हाड की दोघांत एक? दोघांत एक असेल तर तुमच्या हाती ड्रिल जेमतेम निम्मा वेळ. दोन दिवसांत व्याख्यानं आणि थेट शस्त्रक्रिया वजा जाता ड्रिलिंगचे तास किती? बर नवे की गेल्या वर्षीचे? बोथट कटिंग बर हाडावर घसरतो, त्यावर शिकलेला जोर पेशंटच्या कानात महागात पडतो. टेबलांना सक्शन-इरिगेशन आहे की कोणीतरी सिरिंजने पाणी टाकत उभं राहणार? तुमच्या हाडाचं रेकॉर्डिंग घरी नेता येईल का? या पाचांतली तीन उत्तरं मनासारखी नसतील तर शुल्क कितीही कमी असो, जाऊ नका.

थेट शस्त्रक्रिया पाहण्याबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. परिषदेत दाखवतात तो कान निवडलेला असतो आणि हात कसलेला. बघताना सगळं सोपं वाटतं आणि तेच त्यातलं नुकसान. त्यापेक्षा भरपूर कान करणाऱ्या एखाद्या विभागात आठवडाभर जा आणि ऑपरेशनपेक्षा त्यांच्या ओपीडीत बसा. सहा-आठ महिन्यांपूर्वी केलेल्या कॅव्हिटी (ऑपरेशनने कानात झालेल्या पोकळ्या) तपासताना पाहा. वाहणारी कॅव्हिटी का वाहते, हे तिथे दहा मिनिटांत कळतं: फेशियल रिज (नर्व्हवरचा हाडाचा उंचवटा) उंच राहिली, मीटोप्लास्टी (कानाचं तोंड रुंद करणं) अरुंद झाली, मॅस्टॉइडच्या टोकाच्या पेशी तशाच राहिल्या, किंवा सायनस टिंपॅनीत (मधल्या कानातल्या आडोशाच्या खोबणीत) थोडा आजार उरला. कॅनॉल वॉल डाउन (कानाच्या नळीची मागची भिंत उतरवण्याची शस्त्रक्रिया) नावापुरतीच झाली की असं होतं, आणि त्याचं मूळ बहुतेकदा तुम्ही लिहिलेल्या भीतीतच असतं. नर्व्हला भिऊन रिज खाली आणली जात नाही.

हाड हाती आल्यावर काय करायचं, ते सविस्तर सांगतो. तुम्ही दोन हाडं केली आहेत, पण पत्रावरून वाटतं की दोन्ही वेळा नर्व्हला लांबून वळसा घातलात.

सर्वांत मोठा कटिंग बर घ्या, ६ मिमीचा. लहान बर सुरक्षित वाटतो, पण तो खोल अरुंद खड्डा करतो आणि धोका असतो तो खड्ड्यातच. पहिली रेघ टेंपोरल लाइनवर, दुसरी कॅनॉलच्या मागच्या भिंतीला लागून, मग सायनोड्युरल अँगल उघडा. कडा सतत बाहेर पसरवत राहा, बशीसारख्या. ड्युराजवळ (मेंदूच्या आवरणाजवळ) आवाज बदलतो आणि हाड गुलाबीसर दिसतं, सायनसजवळ (मोठ्या शिरेजवळ) निळसर. फॉर्मलिनमधल्या हाडात हे रंग फिके असतात, तिथे कानावर भरवसा ठेवा. प्रौढात अँट्रम (मॅस्टॉइडमधली मुख्य पोकळी) साधारण १५ मिमी खोल असतं. त्याआधीच गुळगुळीत भिंत लागली तर तो कोर्नरचा पडदा असू शकतो. अँट्रमची आतली भिंत आली असं समजून अनेकजण इथेच थांबतात किंवा दिशा चुकतात.

अँट्रम उघडलं की लॅटरल सेमिसर्क्युलर कॅनॉलचा (तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीचा) घुमट दिसेल, हस्तिदंतासारखा घट्ट, चकचकीत. आता ड्रिल थांबवा आणि पोकळी पाण्याने काठोकाठ भरा. प्रकाश वाकतो, त्यामुळे इन्कसचा शॉर्ट प्रोसेस (आखूड टोक) उघडा पडण्याच्या आधीच पाण्यातून दिसतो. तो दिसल्याखेरीज पुढे जाताना बर साखळीला लागतो.

इथून डायमंड बर, आधी ३ मिमी, मग २. खाली डायगॅस्ट्रिक रिज शोधा. शॉर्ट प्रोसेसपासून तिथपर्यंत मनाने रेघ ओढा, नर्व्हचा उभा भाग साधारण याच वाटेने जातो. बर नर्व्हला समांतर, वरखाली फिरवायचा, आडवा कधीच नाही. आणि पाणी भरपूर. डायमंड बर कापत कमी असला तरी तापतो जास्त, कोरडा चालवला तर नर्व्हला न शिवताही तिला भाजतो. जिवंत कानात नर्व्हच्या आवरणावरच्या रक्तवाहिन्या आधी सूचना देतात, बारीक लालसर रेघ दिसते, थोडं रक्त येतं. मृत हाडात ती सूचना नसते, नुसती पांढुरकी रेघ येते. हा फरक लक्षात ठेवून ऑपरेशनला उभं राहा, नाहीतर तिथे रक्त दिसलं की घाबरायला होतं, आणि खरं तर ते रक्त म्हणजे वाट बरोबर असल्याची खूण असते.

मग पोस्टीरियर टिंपॅनोटॉमी (मागून मधल्या कानात जाणारी वाट): वर इन्कसचा बट्रेस (आधाराचं हाड), मागे नर्व्ह, पुढे कॉर्डा (चवीची नस), मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट. ती झाली की कॅनॉलची भिंत खाली उतरवा, रिज नर्व्हच्या पातळीपर्यंत आणा, पुढचा बट्रेसही काढा.

आणि शेवटचा अर्धा तास जे पेशंटवर कधीच करायचं नाही ते मुद्दाम करा. नर्व्ह दुसऱ्या वळणापासून स्टायलोमॅस्टॉइड छिद्रापर्यंत उघडी करा. लॅटरल कॅनॉलच्या घुमटाच्या लगेच खालीच ती वळते हे डोळ्यांनी पाहा. इजा जास्त करून तिथेच होते, किंवा ओव्हल विंडोच्या वर, जिथे तिच्यावरचं हाड पुष्कळदा नसतंच. लॅटरल कॅनॉल घासून निळी रेघ येऊ द्या, मग फोडा. नर्व्ह नेमकी कुठे आहे हे एकदा बोटांना कळलं की तिच्यापासून दोन मिलिमीटरवर काम करायला हात धजतो. वळसा घालून ते कधीच कळत नाही.

हाडं मिळण्याबद्दल. राज्याच्या १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याप्रमाणे मृतदेह मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळतात, तेव्हा हाड विकत घेऊन घरच्या फ्रीजमध्ये ठेवण्याचा विचारही नको. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या ईएनटी आणि अॅनाटॉमी विभागप्रमुखांना रीतसर पत्र द्या, आपला मायक्रोमोटर आणि बर घेऊन जायची तयारी दाखवा, आणि तिथेच बसून महिन्याला एक हाड करा. पीजींना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) शेजारी बसवून घेतलंत तर नकार सहसा येत नाही. फॉर्मलिनमधलं हाड असलं तरी मास्क आणि चष्मा हवाच, हाडाची भुकटी हवेत उडते.

खाटकाची गोष्ट. पडदा उचलणं, साखळी तपासणं, स्टेपिडोटॉमी (साखळीतल्या शेवटच्या हाडाला छिद्र पाडणं) यांच्या सरावाला शेळी-मेंढीचं डोकं उत्तम. तिच्या कानातली हाडं आपल्यापेक्षा लहान, पण घडण बरीचशी सारखी. मॅस्टॉइडसाठी मात्र ते कामाचं नाही, आपल्यासारख्या हवेच्या पेशी तिथे नसतात. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: मुंडकं भाजायचं नाही आणि भेजासाठी फोडायचं नाही. भाजलेल्या डोक्यात कॅनॉलची त्वचा आखडते आणि फोडताना घाव बरोबर कानावरून जातो. त्याच दिवशी वापरा, फार तर एक रात्र फ्रीजमध्ये. गोठवून पुन्हा वितळवलं की पडदा फाटू शकतो. बाहेरचा कान आणि कूर्चेचा भाग कापून कॅनॉल आखूड करा, नाहीतर एंडोस्कोप आणि पिक एकमेकांत अडकतात. शून्य अंशाचा स्कोप, एका हाताने टिंपॅनोमीअटल फ्लॅप (नळीची त्वचा पडद्यासकट उचलणं), तोही न फाडता. पहिली चार-पाच डोकी फाटतीलच. हत्यारं वेगळी ठेवा, ऑपरेशन थिएटरमधली अजिबात नकोत. शेळ्यांत ब्रुसेला असतो, म्हणून बर चालवणार असाल तर एन-९५ मास्क आणि दोन हातमोजे घाला. उरलेलं पिवळ्या पिशवीत.

कोर्सहून परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत पहिला कान ठरलेला असावा. म्हणजे कोर्सची तारीख पेशंट बघून घ्यायची, पेशंट कोर्स बघून नव्हे. पहिल्या पाचांत हे कान नकोत: आधी कुठे ऑपरेशन झालेला, चेहऱ्याची कमजोरी असलेला, चक्कर येणारा (आतल्या कानाला भोक, म्हणजे फिस्टुला असू शकतो), लहान मुलाचा, आणि ऐकू येणारा तेवढा एकच असलेला. सायनस पुढे सरकलेला, आखडलेला मॅस्टॉइडही टाळा, ते सीटीवर आधी दिसतं. सीटी स्वतः पाहा, रिपोर्ट वाचून भागत नाही. पहिल्या दोन-तीन वेळी सोलापूरच्या ज्या सर्जनकडे पेशंट पाठवत होतात त्यांनाच बोलवा, त्यांचं मानधन ठरवून. नर्व्ह मॉनिटर लावणार असाल तर भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी सांगा. स्नायू शिथिल करणारं दीर्घकाळ चालणारं औषध दिलं की मॉनिटर गप्प बसतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे.

शुद्धीवर आल्यावर चेहरा वाकडा दिसला तर लगेच कान उघडायला धावू नका. तुम्ही दिलेल्या लोकल भुलीचा असर उतरायला काही तास द्या, पॅक सैल करा. तरीही पूर्ण पॅरालिसिस तसाच असेल तर त्याच दिवशी त्या वरिष्ठांना फोन करा आणि नातेवाइकांना खरं काय ते सांगा. तो नंबर ऑपरेशनच्या आधीच थिएटरच्या भिंतीवर लिहिलेला असू द्या.

एक गोष्ट पत्रात तुम्ही विचारली नाहीत. मॅडम येतात त्या दोन दिवसांपैकी महिन्यातली एक सकाळ त्यांच्याबरोबर बसा. गेल्या महिन्याचे दहा ऑडिओग्रॅम काढा आणि प्रत्येकात मास्किंग (दुसऱ्या कानात आवाज सोडून तो झाकणं) हवं होतं का आणि केलं का, एवढंच तपासा. साध्या हेडफोनवर चाचणीच्या कानाची एअर दुसऱ्या कानाच्या बोनपेक्षा ४० डेसिबल किंवा जास्त खाली असेल तर मास्किंग करायलाच हवं, आणि बोनचा आवाज तर एका कानातून दुसऱ्यात जवळजवळ पुराच पोचतो. एक कान पार मेलेला आणि तरी कागदावर मोठी एअर-बोन गॅप, हा ऑडिओग्रॅम बघून टिंपॅनोप्लास्टी झाल्याची उदाहरणं आहेत. अशा वेळी ५१२ चा ट्यूनिंग फोर्क टेबलावर असला आणि वेबर (कपाळावर फोर्क ठेवून आवाज कोणत्या कानात जातो ते पाहण्याची चाचणी) चांगल्या कानाकडे गेला तर ऑपरेशन तिथेच थांबतं. यंत्राचं कॅलिब्रेशन गेल्या वर्षभरात झालं आहे का, तेही त्याच सकाळी विचारून घ्या. तुमच्या २५ कानांच्या रजिस्टरमधले आकडे त्याच यंत्रातून आलेले आहेत.